येरमाळा कुणाचं?

निवडणूक जाहीर झाली की गावोगावी एक प्रश्न फिरू लागतो: 'हे गाव कुणाचं?' येरमाळ्याबद्दलही तो विचारला जातो आणि उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतो, गाव शिवसेनेचं. कुणी म्हणतो, आधी डॉक्टरांचं, म्हणजे पद्मसिंह पाटलांचं होतं, मग फिरलं. बाहेरून आलेला विश्लेषक याहून शास्त्रशुद्ध दिसणारा मार्ग धरतो. मराठा किती, धनगर किती, मुस्लिम किती, बौद्ध किती, हे विचारून तो प्रत्येक आकड्यापुढे एक चिन्ह लिहितो आणि बेरीज करून मोकळा होतो. निकाल बेरजेप्रमाणे लागला तर 'समीकरण जुळलं', उलटा लागला तर 'समीकरण बिघडलं'. कोणत्याही निकालाने जे खोटं ठरत नाही, त्याला स्पष्टीकरण म्हणायचं कसं?

माझं म्हणणं असं की गावाला कायमचा राजकीय कल नसतोच. प्रत्येक निवडणूक गावापुढे वेगळा प्रश्न ठेवते आणि गाव त्या प्रश्नापुरतं उत्तर देतं. त्या उत्तरात सगळ्यात वजनदार असते ती पोहोच. अडचण आली तर आपला शब्द कुणामार्फत, कोणत्या कार्यालयापर्यंत जाईल, याचा हिशेब मतदार करत असतो. जातही या हिशेबात आहे, पण विश्लेषक तिला ज्या खुर्चीवर बसवतात ती खुर्ची तिची नाही. हे नुसतं मत म्हणून सांगण्यात अर्थ नाही. धाराशिव जिल्ह्याच्या निवडणुकांचा गेल्या चार-पाच दशकांचा इतिहास हाताशी आहे आणि तो या मांडणीला आश्चर्य वाटावं इतका अनुकूल आहे. जिथे प्रतिकूल आहे, तेही पुढे येईलच.

तीन जिल्ह्यांत पसरलेलं गाव

आधी गावाची जागा पाहू. येरमाळा कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-कळंब रस्ता इथे एकमेकांना छेदतात. येडेश्वरीचं देवस्थान असल्यामुळे चैत्र पौर्णिमेला इथे लाखोंची यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चुनखडी वेचायला जमणाऱ्या गर्दीत धाराशिव, सोलापूर, बीड, लातूर सगळे असतात, आणि चौकातल्या कमानींवर व फ्लेक्सवर सगळ्या पक्षांचे हात जोडलेले चेहरे. गावाचं तहसील कळंबला, जिल्ह्याचं ठिकाण धाराशिव, मोठी बाजारपेठ सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. मांजरा ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तिथल्या केज तालुक्यात येडेश्वरीच्याच नावाचा साखर कारखाना आहे आणि तो चालवणारे बजरंग सोनवणे २०२४ मध्ये बीडचे खासदार झाले.

हा भूगोल सांगायचं कारण आहे. येरमाळ्याच्या शेतकऱ्याचा ऊस, तूर, सोयाबीन, कर्ज आणि सोयरिक या सगळ्यांच्या सीमा वेगळ्या, आणि मतदारसंघाच्या सीमा आणखी वेगळ्या. बार्शी जिल्ह्याने परकी, पण लोकसभेला आपल्यातच. केज शेजारी, पण तिथे मत नाही. २००८ च्या पुनर्रचनेआधी कळंब हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता, तोही अनुसूचित जातींसाठी राखीव. पुनर्रचनेनंतर कळंब तालुका धाराशिव शहराशी आणि त्या तालुक्याच्या काही भागाशी जोडला गेला. एका रेषेने गावाचे उमेदवार बदलले, प्रतिस्पर्धी बदलले, कुणाच्या दारात जायचं तेही बदललं. माणसं तीच राहिली. 'गावाचा कल' हा गावातल्या माणसांचा गुणधर्म असता, तर नकाशावरच्या रेषेने त्याला धक्का लागायला नको होता.

पहिला पुरावा: एकाच भावकीतली लढत

जातीच्या गणिताची कसोटी घ्यायची असेल तर दोन्ही मुख्य उमेदवार एकाच जातीचे असलेली निवडणूक शोधावी. धाराशिवने त्याहून सोपी सोय केली आहे. इथे दोन्ही बाजूंचे उमेदवार एकाच भावकीतले आहेत. डॉ. पद्मसिंह पाटील आणि पवनराजे निंबाळकर चुलतभाऊ. पद्मसिंहांनी १९७८ पासून तीस वर्षं धाराशिवची विधानसभा राखली. पुढे दोघांत फाटलं आणि २००४ मध्ये पवनराजे त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहून निसटत्या मतांनी पडले. जून २००६ मध्ये पवनराजेंची हत्या झाली. पुढच्या पिढीत पवनराजेंचे चिरंजीव ओमराजे आणि पद्मसिंहांचे चिरंजीव राणाजगजितसिंह समोरासमोर आले. २०१९ च्या लोकसभेत ओमराजेंनी राणाजगजितसिंहांना १,२७,५६६ मतांनी हरवलं. २०२४ मध्ये राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील उभ्या होत्या आणि फरक ३,२९,८४६ झाला.

कूळ एक, जात एक, पूर्वापार वजन एकाच पंचक्रोशीतलं. तरीही पाच वर्षांत फरक दोन लाखांनी वाढतो. ही वाढ मराठा मतांच्या टक्केवारीतून काढून दाखवता येणार नाही, कारण ती टक्केवारी पाच वर्षांत हललेलीच नाही. यावर कुणी म्हणेल, उमेदवार एकाच जातीचे असले तरी इतर जाती एका बाजूला गेल्या. ठीक. पण मग त्या एका बाजूला का गेल्या, हाच तर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जातीच्या यादीत नाही.

दुसरा पुरावा: तीस वर्षांची राखीव जागा

१९७७ ते २००४ या काळात इथली लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. म्हणजे सलग नऊ निवडणुकांत संख्येने मोठ्या असलेल्या जातींना आपल्या जातीचा उमेदवार निवडण्याची सोयच नव्हती. 'माणूस आपल्या जातीला मत देतो' हे सूत्र इथे लागूच पडत नव्हतं. तरीही या काळात हवा फिरली, आणि चांगलीच फिरली. १९७७ पासून १९९१ पर्यंत काँग्रेस. १९९६ मध्ये शिवसेनेचे शिवाजी कांबळे, १९९८ मध्ये काँग्रेसचे अरविंद कांबळे, १९९९ मध्ये पुन्हा शिवाजी कांबळे, २००४ मध्ये शिवसेनेच्याच कल्पना नरहिरे. साडेतीन वर्षांत तीनदा खासदार बदलला, आणि प्रत्येक वेळी उमेदवाराचा प्रवर्ग तोच होता.

मग मतदार निवडत काय होता? माझ्या मते तो उमेदवारामागचं घर निवडत होता. राखीव जागेचा एक कडवट भाग असा की निवडून येणाऱ्या दलित खासदाराची सत्ता बरेचदा त्याच्या मागे उभ्या असलेल्या कारखान्याच्या, जिल्हा बँकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या माणसांकडून येत असे. १९९९ च्या जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि पद्मसिंहांचं घर शरद पवारांबरोबर गेलं. काँग्रेसची जिल्ह्यातली यंत्रणा दुभंगली. त्याच वर्षी जागा सेनेकडे गेली आणि पुढची निवडणूकही सेनेचीच. तीन-चार महिन्यांत लोकांची विचारसरणी बदलते, यावर माझा विश्वास नाही. रस्ते बदलले की वाहतूक बदलते, इतकंच झालं.

याला जोडून एक आठवण करून देणं गरजेचं आहे. हाच जिल्हा एके काळी भाई उद्धवराव पाटलांच्या शेतकरी कामगार पक्षाचा गड मानला जाई. लाल बावटा, मग तिरंगा, मग भगवा. प्रत्येक काळात कुणी ना कुणी 'हा जिल्हा मुळातच अमुक विचाराचा' असं ठासून सांगितलं असणार.

तिसरा पुरावा: मे आणि नोव्हेंबर

सगळ्यात ठोस पुरावा २०२४ चा. ७ मे रोजी लोकसभेचं मतदान झालं. ओमराजे सहाही विधानसभा क्षेत्रांत पुढे होते: औसा, उमरगा, तुळजापूर, धाराशिव, परंडा, बार्शी. २० नोव्हेंबरला त्याच सहा क्षेत्रांत विधानसभेचं मतदान झालं आणि निकाल तीन-तीन लागला. धाराशिव, उमरगा आणि बार्शी ठाकरेंच्या शिवसेनेकडे. तुळजापूर आणि औसा भाजपकडे, परंडा शिंदेंच्या शिवसेनेकडे. साडेसहा महिन्यांत मतदार यादी फारशी बदलत नाही. जातींची संख्या तर मुळीच नाही.

इथे नेहमीची तीन स्पष्टीकरणं पुढे केली जातात आणि तिन्ही एकाच खड्ड्यात पडतात. पहिलं मराठा आरक्षणाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि त्यानंतरच्या संतापाने लोकसभा फिरवली, असं म्हणतात. दुसरं लाडक्या बहिणीचं. जुलैपासूनचे महिना १५०० रुपये मिळू लागले आणि त्यांनी विधानसभा फिरवली. तिसरं सोयाबीनचं. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजार त्याच्या खाली, म्हणून शेतकरी सरकारवर चिडलेला. यांतल्या प्रत्येकात तथ्य आहे. मराठवाड्याच्या पातळीवर पाहिलं तर पहिल्या दोन गोष्टींनी बरंच काही समजतंही: लोकसभेच्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली आणि विधानसभेच्या ४६ पैकी महाविकास आघाडीला जेमतेम पाच. पण लाडकी बहीण तुळजापुरातही होती आणि धाराशिवमध्येही. सोयाबीन परंड्यातही पडलं आणि कळंबमध्येही. जरांगे पाटलांची सभा काही एकाच तालुक्याने ऐकली नव्हती. सहा ठिकाणी सारखंच असलेलं कारण सहा ठिकाणचे वेगवेगळे निकाल कसे समजावणार? मराठवाड्यात आघाडीने जिंकलेल्या त्या पाच जागांपैकी दोन एकट्या धाराशिव जिल्ह्यातल्या आहेत आणि त्यांतली एक येरमाळ्याची. लाटेचा सिद्धांत इथे येऊन अडखळतो.

असा फरक पहिल्यांदाच पडला असंही नाही. २०१४ च्या मे महिन्यात शिवसेनेच्या रवींद्र गायकवाडांनी पद्मसिंहांना २,३४,३२५ मतांनी हरवलं. ऑक्टोबरमध्ये त्याच लोकसभा मतदारसंघातल्या धाराशिव विधानसभेत सेनेचे विद्यमान आमदार ओमराजे पडले आणि राष्ट्रवादीचे राणाजगजितसिंह दहा हजारांवर मतांनी निवडून आले. २००९ मध्ये उलट क्रम होता: लोकसभेला पद्मसिंह, विधानसभेला ओमराजे. मात्र त्या लोकसभेचा फरक ६,७८७ इतका निसटता होता आणि मधल्या काळात पद्मसिंहांना अटक झाली होती, त्यामुळे त्या वर्षावर मी फार भार टाकणार नाही. २०१९ मध्ये दोन्हीकडे सेना जिंकली, हेही नोंदवायला हवं. गाव दर वेळी उलटं वागतं असा माझा दावा नाही. लोकसभेच्या उत्तरावरून विधानसभेचं उत्तर काढता येत नाही, एवढाच आहे.

घड्याळ कुणाच्या घरी?

पक्षनिष्ठेची कल्पनाही इथे तपासून पाहण्यासारखी आहे. २००९ ला पद्मसिंह, २०१४ ला पद्मसिंह, २०१९ ला राणाजगजितसिंह, २०२४ ला अर्चना पाटील. चार लोकसभा निवडणुकांत मतदान यंत्रावर या घराचं चिन्ह राष्ट्रवादीचं घड्याळच राहिलं. दरम्यान घर सप्टेंबर २०१९ मध्ये भाजपमध्ये गेलं, राष्ट्रवादी फुटली आणि घड्याळ अजित पवारांकडे गेलं. अर्चना पाटील भाजपमधून त्या पक्षात आल्या त्या उमेदवारीसाठीच. सहा महिन्यांनी त्याच घराने तुळजापुरात कमळावर मतं मागितली. दुसऱ्या बाजूला ओमराजे २०१९ मध्ये सेनेच्या धनुष्यबाणावर निवडून आले आणि सेना फुटून धनुष्यबाण शिंदेंकडे गेल्यावर २०२४ मध्ये ठाकरेंच्या मशालीवर. धाराशिव विधानसभेत २०२४ ला धनुष्यबाण मशालीच्या विरोधात उभा होता आणि ३६ हजारांवर मतांनी हरला.

'पक्षाचा मतदार' अशी वस्तू असती तर या उलथापालथीत तो हरवून गेला असता. तो हरवला नाही, कारण तो चिन्हाचा पत्ता कधी पाहतच नव्हता, माणसाचा पाहत होता. एवढ्याने मतदार बिनविचारी ठरत नाही. पक्ष जेव्हा धोरणांनी नव्हे तर घरांनी ओळखले जातात, तेव्हा घर पाहून मत देणं हीच उपलब्ध माहितीवर घेतलेली शहाणपणाची भूमिका असते. विचारसरणीचा अभाव मतदाराच्या माथी मारण्याआधी तो पक्षांच्या दारात शोधावा.

पोहोच म्हणजे नेमकं काय

शब्द मोठा वाटतो, गोष्टी लहान असतात. रोहित्र जळालं, गावाच्या भाषेत डीपी गेली, की ऐन रब्बीत आठ-दहा शेतकऱ्यांचं पाणी थांबतं. महावितरणकडे अर्ज जातो आणि तिथेच राहतो. मग फोन लागतो. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या आल्या आणि रस्त्याच्या, मोबदल्याच्या तक्रारी आल्या. मग पुन्हा फोन. पोलिस ठाण्यात नाव आलं, ससूनला बेड हवा, तहसीलला रेशनकार्ड अडलं, सगळीकडे तेच. खासदार ओमराजेंची राज्यभर झालेली ओळख ही 'फोन उचलणारा खासदार' अशी आहे, आणि शहरी समीक्षक तिच्याकडे हसून पाहतात: खासदाराने संसदेत बोलावं, डीपी कसली बसवतो? ज्याच्या शेतातलं पीक पाण्यावाचून वाळतं आहे त्याला हा विनोद कळत नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण पीक विम्याचं आहे. २०२० च्या खरिपात ऑक्टोबरच्या अतिवृष्टीने सोयाबीन गेलं. विमा कंपनीने नियमावर बोट ठेवलं: नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवलं नाही, तर भरपाई नाही. पाण्यात बुडालेल्या शिवारातून, लाइट आणि रेंज नसताना, कंपनीच्या ॲपवर फोटो चढवायचा होता. जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांचा हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. त्यानंतरही पैसे हातात पडायला उशीर झाला, ऑक्टोबर २०२२ मध्ये धाराशिवचे आमदार कैलास पाटील उपोषणाला बसले, आणि श्रेयावरून त्यांच्या व राणाजगजितसिंहांच्या बाजूत जोरदार वाद झाला. हा वाद केवळ पोरकट समजून सोडून देणं चूक आहे. या जिल्ह्यात श्रेय हेच राजकारणाचं चलन आहे, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट सिद्ध करू पाहत होत्या: तुमचा अडलेला पैसा कुणाच्या हाताने सुटतो.

पोहोच म्हणजे सत्तेशी जवळीक, असा सरळ अर्थ मात्र घेऊ नये. तसं असतं तर २०२४ मध्ये सत्ताधारी बाजूने सगळीकडे जिंकायला हवं होतं. परंड्याचे तानाजी सावंत राज्याचे आरोग्यमंत्री होते, जिल्ह्याचे पालकमंत्री होते, साखर कारखानदार होते. सरकारदरबारी त्यांच्याइतकी जवळीक जिल्ह्यात कुणाची नव्हती, आणि ते १,५०९ मतांनी निसटले. याउलट कैलास पाटील विरोधी पक्षात होते. जून २०२२ मध्ये शिंदेंच्या बंडाच्या वेळी ते सुरतेच्या वाटेवरून परत फिरले, त्यानंतर सत्तेची सगळी दारं त्यांना बंद झाली, तरी त्यांचं मताधिक्य २०१९ च्या तेरा हजारांवरून जवळजवळ तिप्पट झालं. मतदार दोन गोष्टी मोजतो: या माणसाचं वर किती चालतं, आणि हा माणूस माझ्यापर्यंत किती येतो. पहिली भरपूर आणि दुसरी कमी असली तर काय होतं ते परंड्याने दाखवलं. तुळजापुरात भाजपने दोन्हींची जमवाजमव केली आणि सुखाने जिंकली. उमरग्यात तीन वेळा निवडून आलेला आमदार चार हजारांच्या आत का पडला, हे माझ्या मांडणीत पुरतं बसत नाही. ते ओढूनताणून बसवणार नाही.

जिथे चिन्हच नसतं

ग्रामपंचायतीच्या निकालानंतर वर्तमानपत्रात दरवेळी एक करमणूक छापून येते. प्रत्येक पक्ष आपण किती ग्रामपंचायती जिंकल्या हे सांगतो आणि सगळ्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींच्या पुढे जाते. महाराष्ट्रात ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. पॅनल असतं. पॅनलमध्ये भावकी असते, वाड्या-वस्त्यांचा रुसवा असतो, पाणंद रस्ता असतो, आणि कालपर्यंत एकमेकांचे फ्लेक्स फाडणारे दोन पक्षांचे कार्यकर्ते एकाच पॅनलमध्ये सुखाने बसलेले असतात.

सोसायटीची निवडणूक आणखी वेगळी. तिथे मत फक्त सभासदाला. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो बहुतेक वेळा सभासद नाही, म्हणजे भूमिहीन आणि बहुतांश बायका त्या प्रश्नातून आधीच वजा. बाजार समितीला तर सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्यच शेतकऱ्याच्या वतीने मत देतात. एकाच गावात चार-पाच निवडणुका, आणि प्रत्येकीचा मतदारवर्गही निराळा. सोसायटी एका गटाकडे, ग्रामपंचायत दुसऱ्याकडे आणि विधानसभेचं लीड तिसऱ्याला, हे दृश्य या भागात कुणालाच नवल वाटावं असं नाही. यांतल्या नेमक्या कोणत्या उत्तरावरून गावाचा कल ठरवायचा?

गावाची स्वतःबद्दलची समजूतसुद्धा इथे फार उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचं ठरवलं, कारण यंत्राने दाखवलेलं लीड गावाला पटेना. यंत्राप्रमाणे राम सातपुतेंना १,००३ आणि उत्तमराव जानकरांना ८४३ मतं होती. गाव म्हणत होतं, आमचं गाव जानकरांचं. यंत्राचा वाद बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ज्यांना 'आमचं गाव' म्हणायची सवय आणि मुभा असते, त्यांचा आवाज म्हणजे गावाचा आवाज असं धरलं जातं. बूथचा आकडा त्याहून जास्त माणसांचा असतो.

आक्षेप

पहिला आक्षेप सगळ्यात व्यवहारी आहे: अहो, पैसे वाटले जातात, बाकी सगळं पुस्तकी. पैसे वाटले जातात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन्हीकडून पाकीट आल्यावर मत कुणाला, हे पाकीट ठरवत नाही. फार तर न देणारा मागे पडतो. पैसा हा प्रवेशशुल्कासारखा आहे, निकालासारखा नाही.

दुसरा आक्षेप मला गंभीर वाटतो. पोहोच-पोहोच म्हणता, पण २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला इथे सुमारे ९८ हजार मतं मिळाली, ती कोणत्या पोहोचीसाठी? निवडून येण्याची शक्यता जवळपास नव्हती, डीपी बसणार नव्हती, फोन लागणार नव्हता. हा आक्षेप माझ्या मांडणीला खरंच भोक पाडतो, आणि त्यातून काही शिकायला मिळतं. ज्यांना कोणत्याच घराच्या ओसरीवर मानाने जागा नाही, त्यांना पोहोचीच्या हिशेबात गमावण्यासारखं कमी असतं. म्हणून निव्वळ स्वाभिमानासाठी, आपली संख्या दाखवण्यासाठी मत देणं त्यांना परवडतं. २०२४ मध्ये संविधानाचा मुद्दा आला, तेव्हा त्यातली बरीच मतं जिंकू शकणाऱ्या उमेदवाराकडे वळली. हा विचार करूनच घेतलेला निर्णय होता. जिल्ह्यात विचारसरणीसाठी मत देणारा मतदार शोधायचा असेल तर तो इथे सापडेल, आणि विश्लेषक नेमका त्यालाच 'गठ्ठा मत' म्हणतात.

इथे जातीची खरी जागाही दिसते. उमेदवारी कुणाला मिळेल, सोसायटीचा चेअरमन कोण होईल, कुणाचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाईल आणि कुणी तासभर बाहेर थांबेल, हे जात ठरवते. तिचं काम मतदानाच्या दिवसाआधीच उरकलेलं असतं. मतदानयंत्रापुढे मतदार उभा राहतो तेव्हा जातीने गाळून झालेली नावंच त्याच्यासमोर असतात. जातीचा प्रभाव मोजायला मतांची टक्केवारी घेणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी मोजणं.

तिसरा आक्षेप: लाडकी बहीण, किसान सन्मान असे पैसे थेट खात्यात येऊ लागले, मग मधला माणूस हवाच कशाला? पोहोचीचं राजकारण संपणारच. काही अंशी खरं आहे. खात्यात येणाऱ्या पैशासाठी कुणाचे पाय धरावे लागत नाहीत, आणि बायकांच्या मताला त्यामुळे घरातल्या पुरुषाच्या मतापासून सुटं होण्याची जागा मिळाली. पण ई-केवायसी अडलं, आधार जुळेना, नाव यादीतून गळालं, की पुन्हा कुणाला तरी विचारावं लागतं. दार बदललं, दारवान बदलला. शिवाय काही जण या सगळ्याच्याच बाहेर आहेत. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. कळंब-वाशी-भूम पट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्यांपैकी ज्या तोवर कारखान्यावर पोहोचल्या, त्यांचं उत्तर त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. मे महिन्यात त्या घरी होत्या. मे आणि नोव्हेंबरच्या फरकाची चर्चा करणाऱ्या लेखांत हा मुद्दा जवळपास कुठेच दिसला नाही.

चौथा आक्षेप बहुतेक वेळा सुशिक्षित वाचकाकडून येतो: खासदाराला डीपीसाठी फोन करणाऱ्या मतदाराला खासदाराचं काम काय असतं हेच ठाऊक नाही, मग तुम्ही त्याला कसला हिशेबी म्हणता? या प्रश्नाचं उत्तर मतदाराच्या अडाणीपणात शोधण्याआधी सरकारच्या कारभारात शोधावं. डीपी, पाणीपुरवठा, शाळेचं छत, रस्त्यावरची मोरी यांच्या पाठपुराव्यासाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा सदस्य असतो. त्याचा गट मोजक्या गावांचा, तो रोज चौकात भेटतो, त्याला जाब विचारता येतो. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि धाराशिवसह तिथे प्रशासक बसले. निवडणुका न्यायालयात, प्रभागरचनेत आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात वर्षानुवर्षं लटकल्या. २०२४ च्या दोन्ही निवडणुका झाल्या तेव्हा येरमाळ्याच्या माणसासाठी सरपंच आणि आमदार यांच्यामध्ये लोकांनी निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. मधली पायरी काढून घेतल्यावर मतदार वरच्या पायरीवरच्या माणसाकडे डीपी मागतो, आणि विधानसभेच्या मतात जिल्हा परिषदेचाही हिशेब चुकता करतो.